कॅमेऱ्यावरची टिकली

वाल्मीकनाना आणि इसाकभाई एकाच सोफ्यावर बसलेले पाहिले, तेव्हाच मी सावध झाले. ही दोन माणसं भांडत असली की निदान कळतात तरी. गोड बोलायला लागली की आत काय शिजतंय याचा पत्ता लागत नाही.

इसाकभाई जळगावचे. मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा करता करता बॉक्सिंगचे सामने भरवायला लागले. वाल्मीकनाना धुळ्याचे. त्यांचा केबलचा धंदा बसला, मग सामने भरवून ते मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं त्यांनी सुरू केलं. इकडे सामने ठरले की तिकडेही नेमके त्याच रविवारी ठरायचे. जळगावात खेळलेल्या पोरांना धुळ्याची रिंग बंद, धुळ्यात खेळलेल्यांना जळगावची. पोरं मामाच्या गावाला जातो म्हणून सांगायची आणि तोंडाला रुमाल बांधून एसटीत बसायची.

मग एका बियाण्याच्या कंपनीने सांगितलं की खान्देशात आम्ही एकाच स्पर्धेला बॅनर देऊ, तुमचं काय ते आपसात ठरवा. झालं, दोघे भाऊ-भाऊ झाले.

मी स्नेहल. जळगावात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि संध्याकाळी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना बॉक्सिंग शिकवते. नाजमीन त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी. तिचे वडील मेहरूण भागात कूलरचे स्टँड वेल्डिंग करतात. पुण्याच्या एका अकादमीत तिच्या वजनगटात एकच जागा उरली होती, आणि पुढच्या वर्षी नाजमीनचं वय त्या तुकडीत बसणार नव्हतं. जे व्हायचं ते याच वेळी व्हायला हवं होतं.

अकादमीच्या मॅडम फोनवर स्पष्ट बोलल्या. "मला कापलेले तुकडे पाठवू नका. सगळेच आपली मुलगी फक्त मारताना दाखवतात. मी लाइव्ह बघेन, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. मग ठरवू."

म्हणून मी त्या सोफ्यासमोर खुर्ची घेऊन बसले होते. नाजमीनचा सामना या दोघांच्या नव्या चॅनेलवर दिसणार होता.

"मॅडम, वाल्मीक आता भाऊ आहे माझा," इसाकभाई म्हणाले, आणि नाना पाणी प्यायला उठल्याबरोबर माझ्याकडे झुकले. "पण तुम्ही जरा लक्ष ठेवा त्याच्यावर."

तासाभराने नानांनी मला जिन्यात गाठलं आणि अहिराणीत तेच सांगितलं. "ताई, इसाक मानूस चांगला शे. पण त्याना हात देखत राहा."

दोघांनी करार कसा केला ते ऐका. चॅनेलचा पासवर्ड इसाकभाईंनी टाकायचा आणि तो नानांना सांगायचा नाही. पण नवीन यंत्रावरून कोणी चॅनेल उघडलं, तर परवानगी नानांच्या मोबाइलवर मागितली जाणार. देवळाच्या दानपेटीला दोन कुलुपं लावतात, तसा हा प्रकार. पुढे ऐका. सामन्याचं रेकॉर्डिंग ज्याच्याकडे राहील तो नंतर एकटाच विकून खाईल, म्हणून रेकॉर्डिंग करायचंच नाही. दोन्ही कॅमेऱ्यांमधली कार्डं काढून ठेवायची. जे जाईल ते फक्त लाइव्ह जाईल.

"आणि प्रेक्षकांनी मोबाइलवर काढलं तर?" मी विचारलं.

त्यावर दोघे एकदमच हसले. एवढी एकी मी त्यांच्यात नंतर कधी पाहिली नाही.

सामन्याच्या दिवशी जळगावच्या मंगल कार्यालयाच्या दारात कुंदाबाई बसल्या होत्या, मांडीवर टिकल्यांची पाकिटं घेऊन. येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल घ्यायच्या आणि कॅमेऱ्यावर टिकली दाबून चिकटवायच्या. टिकली निघालेली दिसली की माणूस बाहेर. कुंदाबाई इसाकभाईंच्या, त्यांच्या टिकल्या लाल. दोन पावलांवर नानांचा माणूस उभा होता. तो कुंदाबाईंची टिकली नखाने तपासायचा आणि शेजारी आपली हिरवी लावायचा. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते सगळ्यांचे मोबाइल. माझाही सुटला नाही. नानांनी स्वतःच्या मोबाइललाही लावून घेतली, कारण इसाकभाईंनी लावली होती.

एप्रिलची दुपार कलत होती. मोठे कूलर घरघरत होते तरी हॉलमध्ये अंगाची लाही होत होती. लाइव्हचं काम स्वप्नीलकडे होतं. हा मुलगा आधी नानांकडे केबलवर होता, म्हणून इसाकभाईंचा त्याच्यावर विश्वास नाही. आता पगार इसाकभाई देणार, म्हणून नानांचा नाही. बिचारा दोन्हीकडून शिव्या खात वायरी जोडत होता.

नाजमीनची गाठ धुळ्याकडच्या रोशनीशी होती, नानांच्या हुकमी खेळाडूशी. शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातली ही मुलगी. हात लांब आणि डोळे शांत. कॉर्नरमध्ये ती एकटीच बसली होती. तिचा शिक्षक म्हणून जो आला होता, तो नानांच्या गाडीचा ड्रायव्हर होता. मला तेव्हा दया आली नाही. मी नाजमीनला सांगितलं, "तिचा डावा हात खाली येतो. तिथून घूस."

"मॅडम, पुण्याच्या मॅडम बघतायत ना?"

"बघतायत. आत्ताच मेसेज आला. समोर बसल्यात."

नाजमीन दोर वर करून आत शिरली आणि लाइट गेली.

जनरेटर होता. दिवे मिनिटभरात आले. पण स्वप्नीलचा लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी मेलेली, तो विजेबरोबरच बंद पडला आणि परत सुरूच होईना. स्वप्नील धावत इसाकभाईंकडे गेला. "भाई, दुसरा लॅपटॉप जोडतो. पाचच मिनिटं थांबवा."

इसाकभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग रिंगपलीकडे बसलेल्या नानांकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कॉर्नरमधून दिसत होतं. हा पोरगा मुद्दाम वेळ काढतोय, नानांनी शिकवलंय, पब्लिक उठून जावं म्हणून.

"पब्लिक हलायला लागली," ते म्हणाले. "घंटा दे. तुझं चालू दे मागून."

मी ओरडले, थांबा म्हणाले. घंटेच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

पहिल्या राउंडच्या मध्यावर नानांनी खिशातून मोबाइल काढला. मी नाजमीनकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होते, कारण त्यांचे हात देखत राहायची मला सवयच लागली होती. त्यांनी स्क्रीन वाचली. मान वर करून इसाकभाईंकडे पाहिलं. इसाकभाई नेमके त्याच वेळी कोणाशी तरी हसत होते. नानांनी ओठ दाबले आणि अंगठा स्क्रीनवर टेकवला, अगदी शाई लावून टेकवावा तसा.

स्वप्नीलने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या लॅपटॉपवर त्याने चॅनेल उघडायला घेतलं, पासवर्ड इसाकभाईंनी टाकला, आणि नानांच्या मोबाइलवर प्रश्न गेला. जळगावातून नव्या यंत्रावर कोणीतरी तुमचं चॅनेल उघडतंय, हे तुम्हीच आहात का? नानांना वाटलं, सामन्याच्या धामधुमीत इसाकने चॅनेल गिळायला काढलं. त्यांनी 'नाही' दाबलं. चॅनेलला कुलूप लागलं. ते उघडायला पुढे दोन दिवस गेले.

आणि रिंगमध्ये नाजमीन तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सामना खेळत होती. पहिल्या राउंडला मार खाल्ला. दुसऱ्याला रोशनीचा डावा हात खाली आला आणि ती घुसली. तिसऱ्याला दोघी दमून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकत होत्या, सुटत होत्या, परत मारत होत्या. शेवटी नाजमीनचा उजवा रोशनीच्या डोळ्याखाली बसला आणि ती गुडघ्यावर आली. उठली, पण निकाल झाला होता. पंचांनी नाजमीनचा हात वर केला. तिने कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले, मी शिकवलं होतं तसे. त्या कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं, आणि त्याची वायर कुठेच जात नव्हती. मला रडू आलं, ते रागाचं होतं.

मॅडमचा फोन लगेच आला. "ती रिंगमध्ये शिरली आणि सगळं काळं झालं. जिंकली का?"

"जिंकली मॅडम. फार सुंदर खेळली."

"रेकॉर्डिंग द्या मग. पूर्ण."

मी हॉलकडे पाहिलं. खच्चून भरलेला हॉल, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलवर दोन टिकल्या. मी मॅडमना खरं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"स्नेहल," त्या म्हणाल्या, "मला रोज कोणी ना कोणी शिक्षक अशीच गोष्ट सांगतो. लाइट गेली, कॅमेरा बिघडला, पण मुलगी जिंकली. तुमच्यावर विश्वास ठेवायला माझ्याकडे काय आहे? उद्या सकाळी मला नाव पाठवायचंय."

इकडे दोघे भाऊ परत मूळ पदावर आले होते. नाना म्हणत होते की चॅनेल चोरत होता म्हणून मी अडवलं. इसाकभाई म्हणत होते की लाइव्ह यानेच पाडलं, याची पोरगी हरणार म्हणून. मग नानांनी आवाज चढवला, निकालच ठरवून दिलेला होता, पंच जळगावचे होते. आता पुरावा काहीच नव्हता. जो मोठ्याने बोलेल त्याचं खरं होणार होतं.

नाजमीन पायरीवर बसून हाताची पट्टी सोडत होती. तिला मी अजून काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं.

तेवढ्यात रोशनी आली. डोळा सुजून बंद झालेला, ग्लव्ह्ज गळ्यात अडकवलेले. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की नानांनी पाठवली. काहीतरी लिहून घ्यायला आली असणार.

"मॅडम, त्या पुन्याना बाईले फोन लावा." माझं फोनवरचं बोलणं तिने ऐकलेलं दिसत होतं.

"कशाला?"

"लावा ना. चेहरा दिसस तो फोन."

"तुला कोणी पाठवलं?"

तिने एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "कोनी नही. नाना सांगी राहिना, ठरायेल फाइट व्हती. मंग मी काय नाटक करं का तठे? इतला मार खादा मी. इतला मारा बी. आनि कोनी देखंच नही?"

तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला, कॅमेऱ्यावरच्या दोन्ही टिकल्या नखाने सोडवल्या. हिरवी पायरीला चिकटवली आणि लाल स्वतःच्या कपाळाला लावली, आरशासमोर लावतात तशी सहज. मग मोबाइल मला परत दिला.

मॅडम स्क्रीनवर आल्या. रोशनीने सुजलेला डोळा जवळ आणला. "मी हारेल पोरगी शे. हाई देखा. ती जितनी, खरं जितनी. आते दाखाडस तुमले."

आणि दोघी रिकाम्या रिंगमध्ये चढल्या. कार्यकर्ते खुर्च्या रचत होते, कूलर बंद झाले होते. रोशनीने पहिल्या घंटेपासून सुरुवात केली. इथं मी हिला दोनदा लावली, हिची मान मागे गेली. नाजमीनने मान मागे नेली. इथं माझा हात खाली आला. रोशनीने हात खाली सोडला, नाजमीन घुसली. दोघींना सगळं पाठ होतं, ठोसा आणि ठोसा. चुकलं की एकमेकींना थांबवत होत्या. "नही, आधी तू सरकनी व्हती." "हो, बरोबर, फिर तू आयी." मी मोबाइल धरून दोराबाहेर फिरत होते. मॅडम स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या होत्या.

मागून इसाकभाई आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, हे कुठल्या चॅनेलवर चाललंय?" दुसऱ्या बाजूने नानाही तेच विचारायला येत होते. मी दोघांना एकच शिवी दिली. शिक्षिकेने देऊ नये अशी होती.

तिसऱ्या राउंडच्या शेवटी नाजमीनचा उजवा हात निघाला आणि रोशनीच्या तोंडासमोर थांबला. तो डोळा एवढा सुजला होता की तिला तिथवर हात नेववेना.

"थांबू नको," रोशनी म्हणाली. तिने नाजमीनची मूठ धरली आणि स्वतःच आपल्या डोळ्याखाली टेकवली. "आठे लागेल व्हता." मग ती गुडघ्यावर बसली, दुपारी बसली होती तशीच, आणि तशीच उठली.

मॅडम म्हणाल्या, "नाजमीनचं नाव मी पाठवते. आणि तू, बाळा? तुझं नाव काय?"

रोशनी दोराला धरून उभी राहिली. निवेदकाने दिवसभर माइकवरून बियाण्याच्या कंपनीचं नाव घेतलं होतं, नानांचं घेतलं होतं, इसाकभाईंचं घेतलं होतं. तिला त्याने फक्त 'धुळ्याची रोशनी' म्हटलं होतं.

"रोशनी पावरा," ती म्हणाली. "गाव बोराडी, तालुका शिरपूर. जागा एकच शे, माले ठाऊक शे. ती तिनीच शे. तुम्ही मनी फाइट देखी ना?"

"पाहिली," मॅडम म्हणाल्या. "सगळी पाहिली."