झाकण नसलेला हौद

उलट्या ताटलीवर टप् असा आवाज झाला आणि दुपारची सगळी शांतता मोडली.

सिडकोतल्या आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी नळ उघडा ठेवून खाली स्टीलची ताटली उलटी घालतात. पाणी नवव्या दिवशी येतं, पण किती वाजता ते त्याचं त्यालाच ठाऊक. मनू, माझी साडेचार वर्षांची लेक, नुकतीच झोपली होती. लॅपटॉपवर माझ्या गिऱ्हाइकाचा, अप्पारावांचा, बंगला अर्धा रंगवून झाला होता. आज तिच्या एका झोपेत तो पुरा करायचा, असं मी ठरवलं होतं. मी घाईनं घराचा व्हिडिओ तयार करायचं बटण दाबलं आणि मोटार लावायला धावले.

चार ड्रम, दोन हंडे, कूलरची टाकी आणि स्वयंपाकघरातली जेवढी म्हणून भांडी, तेवढी भरून होईपर्यंत लॅपटॉपनंही आपलं काम उरकलं होतं. तोवर मनू उठून रडत कडेवर आली आणि अप्पारावांचा तिसरा फोन वाजला. "मॅडम, झालं का? घरची समदी बघायला थांबलीत." मी एका हातानं व्हिडिओ पाठवून दिला. न बघता.

घरांची डिझाईन करायचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या कुणालाही माझं पहिलं सांगणं म्हणूनच असं आहे, की मूल कडेवर असताना काहीही पाठवू नका.

बाकीच्या युक्त्या त्यामानानं सोप्या आहेत. सॉफ्टवेअर उघडलं की आधी त्यातलं गाव बदला. नाहीतर ते तुमच्या घरावर कुठल्यातरी थंड देशातलं कोवळं ऊन पाडतं, आणि फुलंब्री रोडवरची मे महिन्यातली दुपार गुलाबी दिसते. तयार वस्तूंचं जे कोठार असतं, त्यावर फार विसंबू नका. त्यात चौदा प्रकारचे बाथटब आहेत, पाण्याचा ड्रम एकही नाही. तो मी नळकांडं काढून, निळा रंग देऊन स्वतः केला. माणसं आहेत, पण सगळी गोरी, आणि सगळ्यांच्या हातात कुत्र्याची साखळी. हातात कळशी घेतलेली बाई शोधून शोधून दमले.

अप्पाराव फुलंब्रीचे. शेती आहे, पोरगा सार्थक शेंद्र्याच्या कंपनीत. सावंगीच्या पुढं, डोंगराच्या उघड्या अंगावर जे नवे प्लॉट पडलेत, त्यातला एक त्यांनी घेतला. तिथल्या बोर्डावर 'लेक व्ह्यू' लिहिलंय, खाली धबधबा रंगवलाय. तळं कुठंय म्हणून मी विचारलं, तर तिथला वॉचमन म्हणाला, "बोर्डावर हाय की."

मनूच्या जन्मानंतरचं हे पहिलं काम, आणि तेही माझ्या स्वतःच्या नावावरचं. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिथं घर कुणी रचलं ते लिहितात. मनूच्या आधी, आर्किटेक्ट केशव सरांच्या ऑफिसात, पाच वर्षं मी त्या चौकटीत त्यांचं नाव टाकत होते. या वेळी पहिल्यांदा 'चारुता' टाकलं, आणि मनूला जवळ बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छोटं आहे."

अख्ख्या घरात अप्पारावांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, एकच गोष्ट मागितली होती. "ताई, कपाटं-बिपाटं तुमच्या मनानं करा. हौद तेवढा मोठा ठिवा. टँकरवाला अर्धा टँकर देत नाय, आला की अख्खा रिता झाला पायजे. आता मला कुणाच्या दारात हंडा घेऊन उभं ऱ्हायचं नाय."

म्हणून मी अंगणात, ईशान्येला, बारा बाय सातचा, पाच फूट खोल हौद काढला. वर सिमेंटची स्लॅब आणि लोखंडी झाकण. त्या दुपारी हौदाचं आतलं माप तपासायला मी स्लॅबची लेयर तेवढी बंद केली होती. लेयर म्हणजे नकाशाचे पदर. भिंतींचा एक, फरशीचा एक, छताचा एक, हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. बंद केलेला पदर पुन्हा उघडायचा असतो. ताटली वाजली आणि मी तो उघडायला विसरले.

संध्याकाळी अप्पारावांचा फोन. "मॅडम, हे काय करून ठिवलं तुमी."

मी कडेवरच्या मनूला खाली ठेवलं.

"लई भारी. अंगणात स्विमिंग पूल. सांगितलं बी नाय."

फोन ठेवून मी व्हिडिओ पाहिला. उघड्या हौदात निळंशार पाणी, त्यावर बारीक लाटा, लाटांत आभाळ. सॉफ्टवेअरला पाणी म्हटलं की एवढंच येतं, टँकरचं मातकट पाणी त्यानं पाहिलेलंच नाही. सार्थकला चहा प्यायला म्हणून मी तिथं एक आरामखुर्ची टाकली होती. ती आता थेट पाण्याच्या काठावर आली होती.

मी लगेच उलटा फोन लावला. "काका, ते जरा..."

"आता काय बोलू नका. फुलंब्रीत समद्यांना पाठवलंय. देवगाव रंगारीच्या पाव्हण्यांना बी."

सार्थकसाठी देवगाव रंगारीची राजनंदिनी बघितली होती. दोन महिने बोलणं 'मुलाचं घर कसंय' यावर अडलं होतं. त्या संध्याकाळी होकार आला.

रविवारी अप्पाराव आणि चतुराबाई आमच्याकडं आले. चतुराबाईंनी मनूसाठी कैऱ्या आणल्या होत्या. त्या कैरीच्या फोडी करत खाली बसल्या. अप्पाराव खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर.

"पूल हाय तसाच ठिवा," ते म्हणाले. "फकस्त त्यो हौद काढून टाका. जागा नाय तिथं दोन्हीला. वर गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवू, भागतंय."

चतुराबाईंची सुरी थांबली.

मला गप्प बसता आलं असतं. मान हलवायची, पूल काढून द्यायचा. चौकटीतलं नाव राहिलं असतं, अप्पारावांनी आणखी दहा जणांना माझा नंबर दिला असता. आणि चतुराबाई हंडा घेऊन परत कुणाच्यातरी दारात. मी स्लॅबची लेयर चालू केली.

निळं पाणी गेलं. तिथं राखाडी चौकोन, मधोमध लोखंडी झाकण.

"निळं कुठं गेलं?" अप्पाराव वाकून बघायला लागले.

"काका, तो पूल नव्हताच. काकूंचा हौद आहे. झाकण दाखवायचं माझ्याकडून राहून गेलं."

"म्हंजी चूक झाली म्हणा."

"हो. माझी."

त्यांनी खुर्ची मागं सारली. मग म्हणाले, "मेव्हणा सांगत व्हता, घरी बसून करणाऱ्या बाईला काम देऊ नका. जातो मग मी केशव सायबाकडं. ते काढून देतील पूल."

"देतील की," चतुराबाई म्हणाल्या. "त्यात पाणी कुठलं वतणार?"

"टँकरचं."

"अन् मी सैपाकाला कुठलं घिऊ? तुमी पवून झाल्यावर उरंल त्ये?"

"तसं कोण म्हणलं."

"तुमाला पवता येतं का?"

"माझा काय सबंध? दाखवायला असतंय ते."

"दाखवायलाच पायजे तर मिस्त्रीला भिंतीवर काढाय सांगा. त्या बोर्डावर काढलंय तसं."

मला हसू आलं, ते मी मनूच्या केसांत लपवलं. अप्पाराव मात्र खरोखर कष्टी झाले होते. "तुला गंमत वाटायलीय. पाव्हण्यांना काय तोंड दाखवू? राजनंदिनीच्या बापानं साऱ्या देवगावात दाखवलंय. ती पोरगी पवायचा क्लास शोधायलीय. मामाकडं इथं शहरात महिनाभर येऊन ऱ्हाणार म्हणती. इज्जतीचा सवाल हाय."

कैरीची फोड चघळत मनू एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. चतुराबाईंनी सुरी पदराला पुसली आणि माझ्याकडं वळल्या.

"ताई, ते झाकण तुमी मघाशी बोटानं आणलं नव्हं? तसं परत घालिवता येतं?"

"येतं."

"मग सोपं हाय. मिस्त्रीला झाकलेलं द्या. पाव्हण्याच्या फोनात उघडं ऱ्हाऊ द्या. लगीन लागल्यावर कोण झाकण उचलून बघायलंय."

अप्पारावांचा चेहरा हळूहळू उजळला. "डोकं हाय गं तुला," ते बायकोला म्हणाले, आणि मला, "पाव्हण्याच्यात एक कारंजं बी टाका मॅडम. बांधायचं थोडंच हाय. नाव तुमचंच राहू द्या खाली, दोन्हीवर."

हौद वाचला होता. नाव वाचलं होतं. मी मुकाट्यानं दोन फायली केल्या. एकीचं नाव 'मिस्त्री', दुसरीचं 'पाहुणे'. शिकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, फायलींना स्पष्ट नावं द्यावीत, नाहीतर मिस्त्री कारंजं बांधून ठेवायचा. पाहुण्यांच्या फायलीत मी कारंजं टाकलं. चांगलं दिसलं. कोठारातली एक गोरी बाई पाण्यात पाय सोडून बसवली, तर अप्पाराव म्हणाले, हिला साडी नेसवता येती का. येत नव्हती, म्हणून ती काढली.

व्हिडिओ त्यांच्या फोनवर गेला. अप्पारावांनी तो दोनदा पाहिला आणि तिथल्या तिथं देवगावला पुढं ढकलला. चतुराबाई उठल्या, दारात जाऊन चपला पायात सरकवू लागल्या. जाता जाता माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, सुनेच्या फिरवावा तसा.

मनू माझ्या मांडीवर सरकून पडद्याला नाक लावून बसली. निळ्या पाण्यावर बोट फिरवून तिनं ते चाखून पाहिलं. मग माझ्याकडं मान वळवून तिनं विचारलं, "आई, ती राजनंदिनी ताई पोहायला शिकली, की मग पोहणार कुठं?"