आवाज माझ्यात फाटला नाही

“वायर सोड, नागसेन.”

“नाही सोडत. माय, पुरे झालं आता हे.”

“माह्याच घरात उभा राहून मलेच पुरे झालं म्हणून सांगतं? सोड म्हटलं ना.”

नागसेन हा इंदूबाईचा एकुलता एक मुलगा. त्याच्या मुठीत जी वायर होती तिचं दुसरं टोक माझ्या पाठीत होतं, आणि माझ्यावर इंदूबाईचा हात होता. दाराशी रेडिओ क्लबचे देवमनभाऊ मोठी पिशवी धरून उभे. पिशवी रेडिओसाठी आणि माझ्यासाठी आणलेली आहे, हे एव्हाना घरात सगळ्यांना कळलं होतं.

तुम्ही म्हणाल, भांडण माणसांचं, त्यात ही मध्ये कोण बोलतेय? मी पितळेची पानडबी बोलतेय. भांडण माझ्यावरून चाललंय आणि आरोप माझ्यावर आहे, तेव्हा मी गप्प बसणार नाही. रडगाणं गायला मी आलेली नाही. जे झालं ते सांगते, मग कोणाचं चुकलं ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म पानासाठी झाला. मला विकत घेतलं जानरावांनी, म्हणजे इंदूबाईच्या यजमानांनी. त्यांचा अकोल्यात भोंग्यांचा धंदा होता. लग्न असो, जयंती असो, निवडणुकीची सभा असो, जानराव खांबावर भोंगे बांधत आणि खाली ॲम्प्लिफायरपाशी इंदूबाई बसे. मी तिच्या मांडीजवळ. मशीनपाशी बाई बसलेली पाहून लोकांना हसू यायचं. हसून झालं की तेच लोक वाकून म्हणायचे, बाई, माझ्या भाषणाच्या वेळी आवाज जरा वाढवा. ती वाढवत नसे. “तुमचा आवाज मोठा हाय, बोलणं कमी करा,” असं तोंडावर सांगे.

तिची शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं ती कानाने शिकली. कुठला माईक शिट्टी मारेल, कुठल्या भोंग्याचा पडदा गेलाय, हे तिला लांबून कळे.

जानराव गेले. डीजेचे डोंगराएवढे डबे आले आणि भोंगे माळ्यावर चढले. इंदूबाईने पान सोडलं, मी रिकामी झाले. दुसरी बाई असती तर मला मोडीत घातलं असतं. हिने वेगळंच डोक्यात घेतलं. घरबसल्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशी लोकांचं, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांचं बोलणं तिने कुठेतरी ऐकलं होतं. परवाना लागतो, परीक्षा असते, इंग्रजी लागतं, असं सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. तिने इंग्रजी अक्षरं गिरवली, परीक्षा दिली, एकदा नापास झाली, परत दिली. परवाना तिच्या नावावर आहे. नागसेनच्या नाही, क्लबच्याही नाही. हे मी मुद्दाम सांगतेय.

तिने घेतलेला रेडिओ नव्या जातीचा. त्याला गोल चकती नाही, बटणांची रांग नाही. हवेतल्या लहरींचे तो आकडे करतो आणि त्या आकड्यांचा आवाज कॉम्प्युटर करतो. बोलताना सगळं उलटं. पण माणसाच्या तोंडून आकडे निघत नाहीत आणि कानाला आकडे ऐकू येत नाहीत. तिथे मी लागते. माईकमधून आलेलं बोलणं आकडे करून मी कॉम्प्युटरला देते, आणि त्याच्याकडून आलेले आकडे आवाज करून कानात सोडते.

हे काम आधी बाजारातल्या एका प्लास्टिकच्या तुकड्याकडे होतं. त्याच्यातून सारखी घरघर यायची, कारण कॉम्प्युटरची वीज रेडिओच्या विजेत मिसळत होती. इंदूबाईने माळ्यावरून जुना ॲम्प्लिफायर उतरवला, त्यातले दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर काढले. त्यांच्यातून आवाज पलीकडे जातो, वीज जात नाही. मग बाहेरचा कचरा आत येऊ नये म्हणून तिला धातूचं घर हवं होतं, आणि मी तर रिकामीच होते. माझ्या चुन्याच्या खणात तिने आवाज कमीजास्त करायची खुंटी बसवली, सुपारीच्या खणात ट्रान्सफॉर्मर.

आणखी एक खोड होती. आकड्यांचा हिशेब करायला कॉम्प्युटरला वेळ लागतो, म्हणून तिचं स्वतःचं बोलणं तिच्या कानात उशिरा यायचं. बोलणारा कितीही तोंडाळ असला तरी अशाने अडखळतो. तिने माझ्यात एक आडवाट काढली, माईकपासून थेट कानाकडे. तेव्हापासून तिचं बोलणं तिला लगेच ऐकू येतं, आणि तिला थांबवणं कोणाला जमलेलं नाही.

रोज सकाळी विदर्भातले हौशी लोक एका ठरलेल्या जागी हवेत जमतात. याला ते नेट म्हणतात. एकजण हाक देतो, बाकीचे हजेरी लावतात. हजेरी लावली की पहिली रीत म्हणजे रिपोर्ट. तुमचा आवाज कसा येतोय, साफ की फाटका, ते समोरच्याने सांगायचं. स्वतःचा आवाज तिकडे कसा पोचला हे बोलणाऱ्याला कळायला दुसरा मार्ग नाही, म्हणून रिपोर्ट खरा द्यायचा. या लोकांत बाकी काहीही चालतं, खोटा रिपोर्ट चालत नाही.

हे नेट रोज अमरावतीहून देवमनभाऊ चालवत. क्लबचे सेक्रेटरी, शुद्ध बोलणारे. इंदूबाई नेटवरही घरात बोलते तशीच वऱ्हाडी बोलायची. “काहून भाऊ, आज उशीर केला?” असं सगळ्यांसमोर विचारायची. बाळापूरच्या रश्मीला ते आवडे, बऱ्याच जणांना आवडे. देवमनभाऊंना आवडत नसे.

यंदा उन्हाळ्याच्या आधी त्यांनी सांगायला सुरुवात केली, “इंदूबाई, तुमचा आवाज फाटतोय.” ते नेट चालवणारे, रिपोर्ट तेच देणार, त्यावर बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. तिने माझी खुंटी उतरवली. दुसऱ्या दिवशी परत तेच, आवाज फाटतोय. आणखी उतरवली. मला उघडून तिने माझा जोड न् जोड तापवून पक्का केला. माईक बदलला. शेवटी ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “माहा कान गेला वाटते.”

ज्या बाईने आयुष्यभर कानावर भाकर कमावली, तिच्या तोंडून हे ऐकताना मी काय करणार होते? आवाज माझ्यातूनच जात होता. तो फाटत नव्हता. पण मला विचारतो कोण.

आता आज सकाळचं ऐका.

इंदूबाईचे बोटांचे सांधे आखडलेत, माईकचं बटण दाबून धरवत नाही. म्हणून ती आवाजावर चालणारी सोय लावते. माईकपुढे कोणी बोललं की रेडिओ आपोआप हवेत जातो, गप्प झालं की ऐकू लागतो. आणि खोलीत कूलर. त्याचा वारा माईकवर आदळू नये म्हणून तिने माईकला सुती फडकं गुंडाळलं होतं. नेट सुरू झालं. आज देवमनभाऊ स्वतः अकोल्यात यायचे होते म्हणून नेट रश्मी चालवत होती. इंदूबाईने हजेरी लावली आणि रिपोर्टाची पाळी यायच्या आतच शेजारी केशरबाईच्या ओट्यावर तुरीची डाळ पाखडायला गेली. पुढचं नेट ऐकायला खिशाएवढा रिसीव्हर सोबत नेला. आवाजाची सोय बंद करायला ती विसरली. विसरली, हे मीही लपवत नाही.

तेवढ्यात नागसेन आणि देवमनभाऊ घरात आले. नागसेन अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे, राहतो अमरावतीला, देवमनभाऊंशी ओळख तिथलीच. त्याने माईक पाहिला, फडकं पाहिलं आणि खुर्ची ओढून बिनघोर बसला. भोंगेवाल्याचा मुलगा तो. मंडपात जानरावांची रीत होती, माईकवर फडकं टाकलं म्हणजे लाइन बंद. लांब मशीनपाशी बसलेल्या इंदूबाईला तो इशारा असे आणि ती बटण उतरवी. नागसेन ही रीत पाहतच मोठा झाला. दुसरा कोणी असता तर त्याने विचारलं असतं, हे चालू आहे का? यानेच विचारलं नाही. मंडपात निदान भोंगा ओरडून सांगतो की माईक जिवंत आहे. इथे भोंगा नाही, कानाचा फोन टेबलावर पडलेला, घर शांत.

“तिले सांगू, मशीन दुरुस्तीले नेऊन राहिलो,” नागसेन म्हणाला. “परत आणायचंच नाही. मशीन नसलं म्हणजे येईल अमरावतीले.”

“त्यांना संशय येणार नाही,” देवमनभाऊ म्हणाले. “मी कधीपासून सांगतोय ना, आवाज फाटतोय म्हणून.”

“फाटते का खरंच?”

“कुठला फाटतोय. पण असं म्हटल्याशिवाय त्या सोडणार आहेत का? सारखं आपलं मले तुले. बाहेरचे लोक ऐकतात हो.”

मी हे सगळं इमानाने पुढे दिलं. माझं कामच ते. ते जरा थांबले की रश्मीचा आवाज येई, “इंदूबाईच्या घरून जे कोणी बोलून राहिले, तुमचा माईक चालू आहे.” तेही मी इमानाने कानाच्या फोनात सोडलं. टेबलावर पडलेल्या फोनात ती बिचारी कितीदा बोलली. शेवटी तिने रिपोर्टही देऊन टाकला, “सगळं साफ ऐकू येतंय, एक अक्षरही फाटत नाही.”

हे शेजारच्या ओट्यावर इंदूबाईने ऐकलं. केशरबाईनेही ऐकलं. सूप खाली ठेवून इंदूबाई उठली ती थेट इथे. आल्या आल्या तिने आधी आवाजाची सोय बंद केली. घरचं भांडण हवेत जाऊ द्यायचं नाही, एवढं भान त्या रागातही तिला होतं. मग तोंड उघडलं आणि काय काय ऐकलं ते दोघांना सुनावलं. भांडण कसं सुरू झालं ते हे असं. नागसेनने वायरला हात घातला तो त्यानंतर.

“साऱ्या विदर्भात इज्जत गेली आमची,” नागसेन म्हणत होता. “या डबीपायी.”

“डबीनं काय केलं? तू बोलला ते तिनं सांगितलं.”

“फडकं होतं माईकवर.”

“कूलरचं वारं लागते म्हणून होतं. तुह्या बापाचा मंडप हाय का हा?”

नागसेन गडबडला, पण वायर सोडली नाही. खरं सांगायचं तर त्याचा आवाज तेव्हा जरा ओला झाला. “माय, तू इथं एकटी. पडली बिडली तं कोन पाहीन तुले? मले रात्रंदिवस तेच लागून राहते.”

“फाल्गुनात मले ताप भरला,” इंदूबाई म्हणाली. “सकाळी हजेरीले माहा आवाज आला नाही. रश्मी बाळापूरवरून गाडी काढून आली, दवाखान्यात नेलं. तुले कवा कळलं?”

“...तू सांगितलं तवा.”

“मंग कोन पाह्यते मले, ते सांग. तुह्या फ्लॅटात गच्चीवर रेडिओची तार बांधू देत नाहीत. तिथं मी पडली तं तुमी दोघं नवराबायको ड्युटीवरून याल तवाच दिसन.”

नागसेनने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मूठ सैल पडली. वायर टेबलावर आली.

देवमनभाऊंनी घसा साफ केला. “इंदूबाई, भावना बाजूला ठेवा. खासगी बोलणं तुमच्या स्टेशनवरून गेलं. चूक तुमची धरली जाते. क्लबचं म्हणणं असं की तुम्ही काही दिवस बंद राहा.”

“सोय बंद कराची राहिली, ती चूक माही. नेटवर तसं कबूल करीन, मले लाज नाही. पण सेट हलणार नाही.”

“आणि क्लब?”

“क्लबचं म्हणणं का तुमचं?”

देवमनभाऊ हातातल्या पिशवीची घडी करू लागले.

तर मी आज आहे ती अशी. कडेला पोचे, झाकणाची बिजागरी ढिली, आतून पानाचा वास अजून गेलेला नाही. नागसेनने वायर ओढली तेव्हा माझा एक जोड उखडला असेल, संध्याकाळपर्यंत इंदूबाई तो लावून घेईल. तुमच्याकडे माझं मागणं एकच. माझ्यातून आलेला आवाज आवडला नाही तर आवडला नाही म्हणा, तेवढी हिंमत ठेवा. धडधाकट आवाजाला फाटका म्हणू नका. त्याने डबी मोडत नाही, माणूस स्वतःच्या कानावरचा विश्वास गमावून बसतो. आमची बाई गमावून बसली नाही, ही तिची धमक. सगळ्यांची तेवढी नसते.

देवमनभाऊ दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला आणि मागे न पाहता म्हणाले, “मग आता लोकांना मी काय सांगू?”

इंदूबाईने माझी उतरवलेली खुंटी पहिल्या जागी वर नेली आणि म्हणाली, “तुमी काहीच सांगू नका, देवमनभाऊ, उद्या सकाळी मी हजेरी लावीन, तवा साऱ्यायच्या समोर माह्या आवाजाचा खरा रिपोर्ट द्या.”