शेपटी बघून कोंबडा निवडणारे

मी कोंबडा बोलतोय. हौस म्हणून नाही. पहाटेपासून आरवून घसा बसलाय, आणि आता म्हणे तुझी कहाणी सांग. सांगतो, पण मध्ये बोलू नका.

मर्गिलान शहराजवळच्या एका गावात, ममासोलीच्या अंगणात माझा जन्म. खुडूक कोंबडीला बसायला जागा नव्हती, म्हणून त्याच्या बायकोने, इनोयतने, मोडक्या पाळण्यात पेंढा घालून अंडी मांडली. त्यातला मी. रंग मातकट, आवाज फाटका. एका हिवाळ्यात तुऱ्याची टोकं गारठून काळी पडली आणि गळाली. दिसायला मी कधीच बरा नव्हतो. कोंबड्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

काम मात्र चोख. दाणा दिसला की आधी कोंबड्यांना हाक. उरलं तर मी. वर ससाणा फिरला की एकच आरोळी, आणि सगळ्या तुतीच्या झाडाखाली. यात कौतुक काय? कोंबड्याचं कामच ते. पण माणसांना काम दिसत नाही. माणसांना शेपटी दिसते.

गेल्या वर्षी माझाच एक पोरगा मोठा झाला. अंग पांढरं, मान लाल, शेपटी जमिनीला टेकणारी. ममासोली त्याला 'खान' म्हणायचा. हा खान दाणा नसतानाही हाका मारायचा, आणि कोंबड्या धावत आल्या की त्यांच्यावर चढायचा. बिचाऱ्यांच्या पाठीवर पिसं राहिली नाहीत.

"मूठभर कोंबड्यांत दोन कोंबडे कशाला?" इनोयत म्हणाली. "एक काढा. उद्या व्याही येतायत, पातेल्यात जाईल."

"मग म्हातारा काढू."

"अहो, म्हातारा कोंबड्या सांभाळतो. तुमच्या खानाने परवा सूनबाईची पोटरी फोडली."

"तरणा आहे तो, अंगात रग असणारच. आणि रुबाब बघ! नुसता दारात उभा राहिला तरी घराला शोभा."

"शोभा हवी तर गालिचा टांगा."

ऐकेल तो ममासोली कसला! सकाळी त्याने माझे पाय सुतळीने करकचून बांधले आणि मला तंदूरशेजारी टाकलं. मी म्हणतो, एवढी वर्षं राबलो, निदान सावलीत तरी टाकायचं!

व्याही आले. भला माणूस. तुतीखालच्या लाकडी माच्यावर बसून चहा घेऊ लागले. खान समोर मिरवत होता, पण व्याही नजर वर करीनात. आमच्याकडे पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की ती त्याला द्यावीच लागते. म्हणून शहाणा पाहुणा तोंड आवरतो. पण यजमानाने आवरावं ना!

"व्याही, आमचा खान पाहिलात का?"

"पाहिला," म्हणून व्याही नान मोडू लागले.

"अहो, शेपटी तर बघा!"

"बघितली हो."

"अख्ख्या गावात असा नाही!"

इनोयत चहा ओतता ओतता म्हणाली, "बोला की व्याही. आमच्या ह्यांचं मन का मोडता? आवडला नाही का?"

आता काय करतील बिचारे? नाही म्हणावं तर घरधन्याचा अपमान. "सुंदर आहे," ते हळूच म्हणाले.

ममासोलीचा घास तोंडातच राहिला. मग छातीवर हात ठेवून त्याला म्हणावंच लागलं, "तुमचाच समजा."

इनोयत उठली. तिने माझी सुतळी सोडली, तीच खानाच्या पायांना बांधली आणि आत हाक दिली, "सूनबाई, काल आणलेलं मटण काढ गं!"

कालच आणलं होतं, माझे पाय बांधायच्या आधी. याचा अर्थ ममासोलीला अजून कळलेला नाही.

आता कोंबड्यांच्या पाठीवर पिसं आलीयत. खानाने व्याह्यांच्या म्हाताऱ्या आईला माच्यावर चढवून ठेवलं, असा निरोप आहे. आणि ममासोली? शेजाऱ्यांना माझ्याकडे बोट करून सांगतो, "कोंबडा ठेवावा तर असा. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"

पहिल्यापासून! ऐकून माझा तुरा तापतो.

मी थकलोय. यंदाचा हिवाळा निघेल न निघेल. शहाणे असाल तर कोंबडा निवडताना तो कोंबड्यांशी कसा वागतो ते बघा, एवढंच सांगणं. माझं म्हणाल तर, व्याह्यांवर राग नाही, खानावरही नाही, पोरच ते. माफी मागायची राहिलीय ती एकट्या ममासोलीने.