रिकामा रकाना

सकाळपासून बहीणभावाचं वाजलं होतं. कारण कामाचं होतं, पण एकाच आईची लेकरं असल्यामुळे कामाचं भांडणही घरच्यासारखंच चालायचं. मुद्दा बाजूला राहायचा आणि मागची उणीदुणी निघायची.

रस्त्यापलीकडच्या रुग्णालयाचं सगळं सॉफ्टवेअर या दोघांच्या हातात होतं. बाबांनी ते सुरू केलं, बाबा गेल्यावर ताईने सांभाळलं. नर्सला स्क्रीनवर रुग्णाची माहिती दिसायची तर ती डेटाबेसमधून मागवावी लागते. ती मागवणारी प्रत्येक ओळ, म्हणजे क्वेरी, ताई स्वतः लिहायची. धाकट्याला त्यासाठी नवं टूल आणायचं होतं. आपण फक्त रकान्यांची नावं सांगायची, क्वेरी टूल रचणार आणि डेटाबेसमधले रकानेही त्या नावांप्रमाणे तेच लावून ठेवणार. हाताने लिहायचं की टूल घ्यायचं, हे दुपारी मोठ्या डॉक्टरांना सांगायचं होतं.

"आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची हौस तुला," ताई म्हणाली.

"तसं नाही गं. हे बघ, अ‍ॅलर्जीच्या रकान्यापाशी ते अडून बसलंय. विचारतंय, रकाना रिकामा असला तर काय दाखवू?"

"त्यात विचारायचं काय? रिकामा म्हणजे अ‍ॅलर्जी नाही. माझी क्वेरी सरळ 'नाही' दाखवते. एवढंही ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मी रुग्णालय देऊ?"

धाकट्याने तिच्याकडे पाठ केली. रागात माणूस टेबल आवरतो, कपाट लावतो. याने स्पेलिंग सुधारलं. त्या रकान्याचं इंग्रजी नाव लिहिताना बाबांनी पहिल्याच दिवशी एक अक्षर खाल्लं होतं. बाबांची खूण म्हणून ताईने ते तसंच ठेवलं होतं. धाकट्याने टूलमध्ये नाव नीट लिहिलं आणि एंटर मारला. आपण सरावाच्या डेटाबेसवर आहोत असं त्याला वाटत होतं. पण वेग मोजून बघायला म्हणून सकाळी त्यानेच टूल खऱ्या डेटाबेसला जोडलं होतं, आणि भांडणाच्या भरात ते विसरला होता. जुनं नाव नि नवं नाव एकाच रकान्याचं, हे टूलला कोण सांगणार? टूलने जुना रकाना काढून टाकला आणि नवा, कोरा करकरीत, करून ठेवला.

थोड्या वेळाने वॉर्डातून नर्सचा फोन आला.

"ताई, इथले आजोबा म्हणतात, पेनिसिलिनने त्यांच्या अंगावर गांधी उठतात. मागच्या खेपेला मीच नोंदवलं होतं. आता स्क्रीनवर 'नाही' येतंय. असं कसं?"

ताईने आजोबांची नोंद उघडली. नाही. शेजारच्या खाटेची उघडली. नाही. त्याच्या पुढची. नाही. जुन्या नावाचा रकानाच सापडत नव्हता, आणि काही सापडलं नाही की तिची क्वेरी 'नाही'च दाखवायची. अख्ख्या रुग्णालयात कुणालाच कशाची अ‍ॅलर्जी उरली नव्हती. इंजेक्शन भरायच्या आधी नर्स हाच रकाना बघते. ताई गर्रकन धाकट्याकडे वळली.

"काय केलंस तू?"

धाकट्याने टूल कुठल्या डेटाबेसला जोडलंय ते पाहिलं. "स्पेलिंग. फक्त स्पेलिंग नीट केलं गं. खऱ्यावरच झालं."

रागवायलाही वेळ नव्हता. बोलता येणारा रुग्ण आजोबांसारखा निदान तोंडाने सांगेल, पण बेशुद्ध माणूस काय सांगणार? ताई एकेका वॉर्डला फोन करत सुटली. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, इंजेक्शनं थांबवा, तोंडी विचारा. अतिदक्षता विभागाचा फोन मात्र लागेना.

"पळ!" ती ओरडली.

धाकटा दोनदोन पायऱ्या टाकत जिना उतरला. खिडकीतून तो ताईला दिसला. एका टेम्पोने त्याच्या पुढ्यात करकचून ब्रेक लावला, ड्रायव्हरने शिवी हासडली, आणि हा पठ्ठ्या मागे न बघता फाटकातून आत घुसला. ताईने रात्रीच्या बॅकअपमधून तो रकाना परत आणायला घेतला. स्क्रीनवरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

पट्टी भरत आली तेव्हा फोन वाजला.

"ताई, थांबवलं." धाकटा धापा टाकत होता. "सिरिंज भरून झाली होती. पेनिसिलिनच. अपघातात सापडलेला माणूस आहे, परवापासून बेशुद्ध. बायको आत्ताच पोचलीय. ती म्हणते, एकदा त्याच औषधाने घसा सुजून मरता मरता वाचलेत." त्याचा आवाज फुटला. "माझ्यामुळे गेला असता गं तो."

"रडू नकोस. आलंय सगळं परत."

तिने आजोबांची नोंद उघडली. पेनिसिलिन, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिच्या जिवात जीव आला. मग नुसती खात्री करायला तिने त्या अपघातातल्या माणसाची नोंद उघडली.

अ‍ॅलर्जी: नाही.

बॅकअप अर्धवट आला असेल, असं तिला वाटलं. आपली क्वेरी बाजूला सारून तिने थेट डेटाबेसमध्ये पाहिलं. रकाना रिकामा होता. तो पहिल्यापासून रिकामाच होता. बेशुद्ध माणसाला विचारणार कोण? कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिच्या हाताने लिहिलेली ओळ मात्र ठणकावून सांगत होती, नाही. धाकट्याने आज घोळ घातला नसता, तर कुणी फोन केला नसता, कुणी धावलं नसतं, आणि ती सुई टोचली गेली असती. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"ताई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तुझ्यामुळे नाही रे. माझ्यामुळे गेला असता."

दुपारी मोठ्या डॉक्टरांपुढे दोघांनी काही लपवलं नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ते टूल बाद," ते म्हणाले.

"हो," धाकटा मान खाली घालून म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली, आणि तो शब्द उच्चारताना तिचीच जीभ अडखळली. "तेच घेतोय. फक्त रकान्यांची मोडतोड स्वतःहून करायची त्याची सोय बंद केलीय, आणि खऱ्या डेटाबेसची किल्ली यापुढे माझ्याकडे राहील. पण सकाळी या टूलने एक प्रश्न विचारला होता, डॉक्टर. इतक्या वर्षांत तो मला एकदाही पडला नव्हता."

धाकट्याने मग टूलला उत्तर दिलं. रकाना रिकामा असेल तर 'विचारलेलं नाही' असं दाखव. बाबांचं स्पेलिंग त्याने होतं तसंच ठेवलं.

नवी स्क्रीन सुरू झाली तेव्हा ताई वॉर्डात नर्सच्या शेजारी उभी होती. नर्स यादी खाली सरकवत गेली. विचारलेलं नाही. विचारलेलं नाही. मध्येच एखादं औषधाचं नाव, की पुन्हा तेच.

"अगं बाई," नर्स हळूच म्हणाली. "ताई, इतकी वर्षं हे सगळे 'नाही'मध्येच होते?"

ताई पहिल्या खाटेपाशी गेली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"