पांढरी चौकट

वादळ शमलं आणि तेर्स्खेलिंग बेटावर बोंब उठली, की कुठल्याशा जहाजावरचे कंटेनर समुद्रात पडलेत आणि सगळा माल किनाऱ्याला लागतोय. मग काय विचारता! रविवारची प्रार्थना रिकाम्या बाकांसमोर कशीबशी उरकली. लहानथोर सगळे पोती, हातगाड्या, ट्रॅक्टर घेऊन वाळूवर धावले. समुद्र देईल ते उचलणाऱ्याचं, हा बेटावरचा बापजाद्यांचा कायदा. पोलिसांना तो मान्य नाही, ती गोष्ट वेगळी.

वीत्स्के सुट्टीला थोरल्या बहिणीकडे, हिस्केकडे, आली होती. एरवी ती पलीकडे मुख्य भूमीवर, हार्लिंगेनच्या बंदरात ट्रकवाल्यांना शिकवायची: धोक्याच्या कुठल्या मालावर कुठलं लेबल लावायचं, कशाशेजारी काय ठेवायचं नाही. पण त्या सकाळी नियमबियम तिच्या डोक्यात कुठले असायला! दोन्ही काखांत दिव्यांच्या छत्र्या कोंबून ती ओरडत होती, "ताई, अगं पळ! अख्खं खोकं आलंय!"

खोक्यातून रबरी बूट निघाले. सगळे डाव्या पायाचे.

"उजवे शोध आता," हिस्के हसून हसून वाकली. "मी मुलांना घेऊन टेकड्यांच्या पायथ्याच्या खळग्यात बसते. तिथे वारा लागत नाही. सूप गरम आहे तोवर या दोघं."

तेवढ्यात लांबून हाक आली, "मेहुणीबाई! हे बघा, खरं घबाड याला म्हणतात!"

हिस्केचा नवरा, खोस्से. त्याने ट्रॅक्टरला दोर बांधून लाटांतून एक लोखंडी सिलिंडर ओढून आणला होता, आणि सिलिंडरच्या तोंडावरची चेपलेली लोखंडी टोपी तो हातोडीने ठोकून काढत होता. "वेल्डिंगचा गॅस दिसतोय. वर्षभराची ददात मिटली!"

वीत्स्के हसतच जवळ गेली. सिलिंडर वाळूत घासून सोलपटला होता. लेबलांच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. सवयीने तिने तळव्याने वाळू पुसली, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराची तीन लेबलं एका ओळीत होती. तिन्हींचा वरचा भाग गेलेला, खालची टोकं तेवढी शाबूत. पहिलं टोक पांढरं, त्यावर दोनचा आकडा. दुसरं पिवळं. तिसरं काळं, त्यावर आठ.

"भाऊजी, हातोडी खाली ठेवा."

"का? मास्तरीणबाई माझाही वर्ग घेणार?"

"आधी ठेवा म्हणते ना!" ती इतक्या जोरात ओरडली, की त्याच्या हातून हातोडी पडलीच. "दोन म्हणजे गॅस. पेट घेणारा असता तर चौकट लाल असती, निरुपद्रवी असता तर हिरवी. पांढऱ्यावर दोन म्हणजे विषारी. वर कवटी होती, ती फाटून गेलीय. पिवळी म्हणजे आग भडकवणारा, काळी म्हणजे कातडी जाळणारा. तिन्ही मिळून हा बहुतेक क्लोरीन आहे!"

खोस्से आणखी काहीतरी चेष्टा करणार, तोच टोपीखालून बारीक फुसफुस ऐकू आली. पोहण्याच्या तलावासारखा वास नाकात घुसला. खोस्सेला ठसका लागला तो थांबेचना. तिने त्याचं बखोट धरलं आणि वारा तोंडावर घेत त्याला ओढत पळत सुटली.

दम घ्यायला थांबली तेव्हा तिने मागे पाहिलं. वारा सरळ गर्दीकडे वाहत होता. "आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो," ती म्हणाली. "तो जमिनीलगत सरकणार, सखल जागा धरणार."

"खळगा!" दोघं एकदमच बोलली.

"मी पोरांना काढतो," खोस्से खोकत म्हणाला, "तू गर्दी हाकल. तुझ्याएवढा आवाज बेटावर कुणाला नाही!"

तो लांबून वळसा घालून टेकडी चढला. वीत्स्के गॅसची वाट टाळत कडेकडेने धावत ओरडत सुटली, "वर चढा! टेकडीवर! सगळं टाका, विषारी गॅस आहे!" धावता धावताच तिने अग्निशमन दलाला फोन लावला. लोक पळाले. फक्त म्हातारे त्यालिंगकाका हातगाडी सोडेनात.

"इतके बूट टाकून जाऊ?"

"काका, सगळे डावे आहेत हो!"

"काय सांगतेस!" म्हाताऱ्याने एक बूट उलटून पाहिला, गाडी तिथेच लोटली आणि तिच्याआधी टेकडी गाठली.

वीत्स्के वर पोहोचली तेव्हा हिस्के दोन्ही मुलांना कवटाळून उभी होती. खोस्सेच्या खोकल्याखेरीज कुणाला काही झालं नव्हतं. खाली रिकाम्या किनाऱ्यावर एक पिवळट धूसर पट्टा वाळूला चिकटून सरकत गेला, खळग्यात उतरला आणि सुपाच्या पातेल्याभोवती रेंगाळला. ते पाहून हिस्केने बहिणीचा हात असा दाबला, की बोटं दुखली.

मुखवटे घातलेले जवान आले. त्यांनी सिलिंडर एका जाडजूड पोलादी पिंपात बंद केला, खोस्सेला प्राणवायू लावला. मग त्यांची प्रमुख वीत्स्केकडे आली. "जहाजावरून कळलंय, असे आणखी वाहून गेलेत. एवढा किनारा आम्ही कधी पिंजून काढणार?"

वीत्स्केने टेकडीवरच्या गर्दीकडे बोट दाखवलं. "वाळूत पडलेलं शोधण्यात यांचा हात कोण धरणार?"

तिने वाळूत मोठी चौकट काढली, तिच्यात कवटी, खाली दोन. "असं काही दिसलं तर हात लावायचा नाही. मागे फिरायचं, वारा येतो त्या अंगाला जायचं आणि ओरडायचं. टोक जरी दिसलं, तरी!"

वारा अंगावर घेत सगळं बेट टेकड्यांच्या माथ्यावरून ओळ करून निघालं. दुर्बिणी निघाल्या, पैजा लागल्या. आणि थोड्याच वेळात पश्चिमेकडून त्यालिंगकाकांची चिरकी आरोळी आली, "ए पोरी, धाव! पांढरी! पांढरी चौकट!"

वीत्स्के हसत, धापा टाकत त्या आवाजाकडे धावत सुटली.