संगणकाची वाटणी

गुलामगिरीनं माणसाला जितकं जखडलं नसेल, तितकं निवडीच्या स्वातंत्र्यानं जखडून ठेवलं आहे. हा सिद्धांत निवृत्त मुख्याध्यापक उत्तमराव यांना मे महिन्यातल्या एका रविवारी, अमरावतीत, स्वतःच्याच घरी, दोन जावयांच्या मधोमध जेवायला बसले असताना सुचला. मोठ्यानं मांडता मात्र आला नाही, कारण तोंडात पुरणाचा धोंडा होता आणि पत्नी सुभद्राबाई ताटात दुसरा वाढत होत्या.

अधिक महिना होता. या महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि तो जे म्हणेल त्याला मान डोलवायची. जावई एक असला की मान एकाच बाजूला डोलते. उत्तमरावांना दोन होते.

थोरली प्रणाली अकोल्याला दिलेली. तिचा नवरा गजेंद्र तिथं तंत्रनिकेतनात शिकवायचा. धाकटी आचल अमरावतीतच, तिचा नवरा गोपाल लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दोघंही ज्ञानी होते, आणि अडचण नेमकी तीच होती. उत्तमरावांच्या कॉम्प्युटरमधली सिस्टिम म्हातारी झाली होती आणि नव्या सिस्टिमला हा कॉम्प्युटर पसंत नव्हता. इकडे नांदगाव खंडेश्वरच्या त्यांच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. माजी विद्यार्थ्यांच्या शंभरावर आठवणी टाइप करून आठ जूनला सकाळी स्मरणिका छापखान्यात द्यायची होती. ज्यांनी आयुष्यभर उशिरा येणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलं, त्यांना उशीर करायची सोय नव्हती.

"फ्रीबीएसडी टाकून घ्या मामाजी," गजेंद्र म्हणाला. "सिस्टिम फुकट आहे."

"लिनक्स टाका. त्यातलं डेबियन," गोपाल म्हणाला. "तेही फुकटच आहे."

"मंग फरक काय?" उत्तमरावांनी विचारलं.

इथं ते चुकले. पुढचे दोन तास त्यांना उठता आलं नाही. कूलरमधलं पाणी संपलं, तेही भरायला कोणी उठलं नाही.

"आमच्याकडं कणिक मळण्यापासून पोळी वाढण्यापर्यंत सारं एका हातचं," गजेंद्र म्हणाला. "यायच्याकडं भंडारा आहे. हजार जण रांधतेत."

"हाव, हजार रांधतेत आन् लाखानं जेवतेत," गोपाल म्हणाला. "तुमच्या पंगतीले कोण बसते, भाऊ? तुमी आन् तुमचा प्रिन्सिपल."

"प्रिन्सिपल नाही बसत," गजेंद्रनं प्रामाणिकपणे सांगितलं.

"मामाजी, तुमी सांगा," दोघं एकदम म्हणाले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आत दोन्ही लेकी होत्या आणि दोघी ऐकत होत्या. गजेंद्रचं म्हटलं तर एक लेक रुसणार, गोपालचं म्हटलं तर दुसरी. उत्तमरावांनी दाराकडं पाहिलं. दारात दोन्ही जावयांच्या चपला आडव्या पडल्या होत्या.

शेवटी सुभद्राबाईंनी मार्ग काढला. अनारसे दोघांना तेहतीस-तेहतीस, कापड एकाच ठाणातलं, तूपही त्याच पळीनं. मग कॉम्प्युटरच एकाचा काहून? "निम्मा तुमचा, निम्मा यायचा," त्या म्हणाल्या, आणि उत्तमरावांना सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळपर्यंत डिस्कचे दोन सारखे हिस्से पडले. शेताच्या बांधासारखा मधला धुरा मोजायला दोघं इतके वाकले होते, की तलाठी आल्यासारखं वाटत होतं. मग प्रश्न आला तो यादीचा. कॉम्प्युटर सुरू केला की आधी दोन नावं दिसणार आणि वरचं नाव दहा सेकंदांत आपोआप सुरू होणार. वर नाव कोणाचं?

"मी थोरला जवाई," गजेंद्र म्हणाला.

"वयानं मी तीन वर्षांनी मोठा," गोपाल म्हणाला.

"लग्न आधी कोणाचं लागलं ते पाहा," असं म्हणून सुभद्राबाईंनी जीभ चावली. दोन्ही लग्नं एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर लागली होती.

तेव्हा असं ठरलं, की आपोआप काहीच सुरू व्हायचं नाही. रोज सकाळी काळ्या पडद्यावर दोन नावं येणार, आणि उत्तमराव निवड करेपर्यंत कॉम्प्युटर थांबणार. नावं शेजारी-शेजारी लिहिता येतात का, हे पाहण्यात गोपालची रात्र गेली.

आता उत्तमराव रोज चहा घेऊन त्या पडद्यासमोर बसत, आणि चहा निवून जाई. आठ वाजता अकोल्याहून प्रणालीचा फोन येई, "बाबा, आज कोनतं उघडलं?" सव्वाआठला आचल तेच विचारी, फक्त जास्त प्रेमानं. म्हणून त्यांनी तारखा वाटून दिल्या. विषम तारखेला गजेंद्रचं, सम तारखेला गोपालचं.

पंचवीस तारखेला टाइप केलेलं सव्वीसला दिसेना.

"ते माझ्या हिश्श्यात आहे," गजेंद्रनं फोनवर सांगितलं. "त्यायनं दार उघडलं तर दिसन."

"दार आमच्याकडून उघडंच आहे," गोपाल म्हणाला. "कडी त्यायनं लावली."

उत्तमराव एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं टाइप करत राहिले. एकतीस मे विषम होता आणि एक जूनही विषम निघाला. आचल दोन दिवस बोलली नाही. भरपाई म्हणून दोन आणि तीन जून गोपालला दिले, तर तीन विषम असल्याचं अकोल्याहून कळवण्यात आलं. उत्तमरावांनी गणित बत्तीस वर्षं शिकवलं होतं, पण जावयानं भागायची वेळ कधी आली नव्हती.

सात जूनच्या दुपारपर्यंत एकोणसाठ आठवणी एका सिस्टिममध्ये होत्या आणि त्रेपन्न दुसरीत. छापखान्यात द्यायला एक रात्र उरली होती. त्यांनी दोन्ही जावयांना बोलावून घेतलं. दोघं लेकींना घेऊन आले, खुर्च्या ओढून त्यांच्या दोन बाजूंना बसले आणि बराच वेळ इंग्रजीत बोलले. उत्तमरावांना मधून उठायला जागा नव्हती. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"मामाजी, असं करू," गजेंद्र म्हणाला. "ना माझं, ना यायचं. तिसरंच टाकू."

"ओपनबीएसडी," गोपाल म्हणाला. "आमी दोघंही वापरत नाही. म्हणजे कोनाचा अपमान नाही."

"हेही फुकट आहे?" उत्तमरावांनी विचारलं.

"पूर्ण फुकट. फक्त डिस्क सारी पुसा लागन."

स्वयंपाकघरातून दोन्ही लेकींनी मोकळा श्वास सोडलेला ऐकू आला. सुभद्राबाई साखर घेऊन आल्या. गजेंद्रनं गोपालच्या पाठीवर थाप मारली आणि गोपालनं ती मारू दिली. घरात इतका सलोखा नांदताना उत्तमरावांना नाही म्हणता येईना. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत लावला.

"पुसा बाप्पा," ते म्हणाले. "पण जवाईबापू, पुसायच्या आधी दोन्हीकडचं कागदावर छापून देसान का? छापखानावाल्याकडं पाहून टाइप करणारी बाई आहे. आन् अक्षर जरा मोठं ठेवजा, तिलेही चष्मा आहे."