पानावरची पट्टी

ओळ पहिली, खालचा आवाज. लिहून झाली.

मुलुंडला चौथ्या मजल्यावर, दुपारचा चहा गार होऊ देत, चंद्रप्रकाश कॅसेट मागे घेत होते आणि पुन्हा ऐकत होते. चाळीस वर्षं अंधेरीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत त्यांनी हेच केलं. एकदा ऐकायचं आणि वादकांसाठी कागदावर उतरवायचं. पुढ्यात पेटी घेऊन स्वर चाचपणाऱ्यांना ते विचारत, "कान आहे की चष्म्याची खुंटी?"

कॅसेटवर शिवदास सरांचा वृंद गात होता. बारा गळे, तीन आवाज, वाद्य एकही नाही. सरांचा दंडकच होता, की तालमीच्या खोलीत पेटीसुद्धा यायची नाही, स्वर माणसाने माणसाकडून घ्यायचा. सर गेले. त्यांनी बांधलेलं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ही एक कॅसेट उरली होती, आणि तिच्यात, वरच्या आवाजात, चोवीस वर्षांची विमला. आता तीच विमला, त्यांची बायको, साठी ओलांडून आत भाजी निवडत बसली होती, आणि नव्या वृंदात पुन्हा तोच आवाज गाणार होती.

समासात, पेन्सिलीने, पेटीच्या कुठल्या सुरापासून गायचं ते: पट्टी पांढरी दोन.

पडताळून बघण्याचा प्रश्न नव्हता. कानाने सांगितलं, हाताने लिहिलं.

सगळ्या ओळी उतरल्या त्याच आठवड्यात मशीनने फीत गिळली. ओढून काढली तर सुरकुत्या, मग तुकडे. गाणं उरलं ते त्या पानावर.

ओळ दुसरी, तिसरी, चौथी. तालीम.

वृंद आता स्वरदा चालवायची. सरांचा दंडक मोडू नये म्हणून ती खोलीबाहेर जाऊन फोनवर स्वर ऐकायची आणि गुणगुणतच आत यायची. फोन बाहेरच्या चपलांपाशी.

"स्वरदा, चढवतेयस तू," चंद्रप्रकाश खुर्चीतून म्हणाले. "ही काळी दोन झाली. अर्धा स्वर वर."

"काका, तुमच्या पानावर पांढरी दोन. फोनवर पांढरी दोन."

"मग फोन बदल."

"काकांचा कान म्हणजे कोर्ट आहे गं," खालच्या आवाजातली शकु म्हणाली. "आणि वर अपील नाही." सगळ्या हसल्या. विमला हसली नाही. ती नुकतीच आठव्या ओळीतल्या तार पंचमावरून उतरली होती, आणि रुमालात खोकत होती.

गेल्या वर्षी तिच्या स्वरतंतूतून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी पाच महिने मौन दिलं. नंतर परवानगी दिली तीही बजावून, गा, पण ताणू नका. परत फाटलं तर गाणं विसरा, बोलण्याचीही खात्री नाही.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "गळ्यावर ताण पडतोय का?"

"नाही हो." मग भांडी लावता लावता, पाठमोरी, "तेव्हा हाच स्वर मी हसत हसत लावायचे. आता लागता लागत नाही. तुमचा कान तर चुकत नाही. म्हणजे गळाच गेला माझा."

कान चुकत नाही हे खरंच होतं.

पण काहीतरी चाललं होतं. लिफ्टची घंटी चढली होती. वॉशिंग मशीन कपडे झाले की वाजतं ते चढलं होतं. पलंगाखालची पेटी काढून बघितली तर तीही. सगळं मुलुंड अर्धा स्वर वर सरकलं होतं आणि कुणाला त्याचं काहीच नव्हतं.

ओळ पाचवी. कार्यक्रमाचा दिवस.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला, घाटकोपरला. दुपारी चंद्रप्रकाश पेटी घेऊन तिथेच सर्वेशच्या दुकानात गेले. सर्वेश पेट्या दुरुस्त करायचा.

"चढलीय. अर्ध्या स्वराने."

सर्वेशने भाता मारून सूर धरला. शेजारच्या पेटीवर तोच दाबला. मग तिसऱ्या पेटीवर. "तीन पेट्या एकदम चढल्या काका? युनियन केली काय?"

"तुझ्यापण बिघडल्यात."

सर्वेशने खणातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, पेटीच्या लाकडावर टेकवला. "हे पोलाद आहे. ह्याला हवामान नाही. पांढरी सहा."

चंद्रप्रकाशांना काळी पाच ऐकू आली. स्वच्छ, निःशंक काळी पाच.

"परत मार."

त्याने परत मारला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून काटा मुठीत धरून बंद केला. "माझ्या उस्तादांचं असंच झालं होतं," तो हळू म्हणाला. "उतारवयात कान चढतो कुणाकुणाचा. त्याला मात्र वाटतं, जग चढलं."

म्हणजे कॅसेट काळी एकमध्ये होती, त्यांनाच ती पांढरी दोन ऐकू आली होती. पान अर्धा स्वर वर. आणि विमला दोन महिने, फाटून सांधलेल्या गळ्याने, स्वतःच्या तरुणपणाच्याही वर गात होती.

तिचा फोन बंद. स्वरदाचा बंद. पेटी तिथेच टाकून त्यांनी रिक्षा धरली.

ओळ सहावी.

पावणेपाच. रंगमंचामागच्या खोलीत बारा जणी एकाच रंगाच्या साड्यांत.

"विमल, पट्टी चुकलीय. काळी एक घ्या. माझा कान चढलाय, सर्वेशने काट्यावर दाखवलं."

विमलाने पदराची पिन लावली. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. कधी म्हणालात, चुकलो?"

"आता म्हणतोय ना."

"माझ्यासाठी म्हणताय. पट्टी उतरवून द्यायची, आणि दोष स्वतःवर घ्यायचा."

"नाही गं. खरंच."

"रुमाल बघितलात ना काल?"

"कसला रुमाल?"

विमलाने पर्सची चेन ओढून बंद केली.

"काका," स्वरदा मध्ये पडली, "दोन महिने म्हणालात मी चढवते. आज म्हणताय पान चढलंय. मी धरू कुणाचं?"

"पानाचं," विमला म्हणाली. "ते कॅसेटवरून लिहिलंय. तेव्हा यांना माझी दया येत नव्हती."

"स्वरदा, तिला रक्त…"

"अहो, गप्प बसा. लोक आहेत."

तिसरी घंटा झाली.

ओळ सातवी.

स्वरदा बाहेर जाऊन आली. गुणगुणत. चंद्रप्रकाश विंगेत उभे होते. तो स्वर त्यांना काळी दोन वाटला, मग त्याहूनही वरचा, आणि मग कळेना. मध्ये जाऊन थांबवायचं तर किती खाली आणा म्हणून सांगायचं? आणि सांगितलं तर ती मानणार कशी?

तोंडं उघडली. खालचा आवाज, मधला आवाज. वरचा सातव्या ओळीच्या शेवटापर्यंत गप्प होता, सरांनी तसंच बांधलं होतं. पुढच्या रांगेत कुणीतरी मान डोलावत होतं.

सातवी ओळ संपली. आता आठवी, तार पंचमाची. विमलाने श्वास घेतला, तालमीत कधी घेतला नव्हता इतका मोठा, आणि हनुवटी वर केली.